अकरा दिवस आधी

“ही सून का तुमची?” वनिताने विचारलं.

“छे छे,” नाना हसले. “सून पुण्याला गेलीय, माहेरी. हा माझा मुलगा. इंग्लंडला असतो. आणि ही… ही आमच्याकडेच असते.”

सुनीती तेव्हा गाडीच्या डिकीत वाकून नानांची काठी काढत होती. काठीचं टोक स्टेपनीखाली अडकलं होतं. ते सोडवताना तिला वाटलं, नाना अजून काही बोलतील, एखादा शब्द मागून येईल. पण ते पठाराकडे बोट दाखवून देवव्रतला काहीतरी सांगू लागले होते. त्यांच्या दृष्टीने ओळख करून देऊन झाली होती. वनिताने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. वनिता वाडीतलीच, पस्तिशीची, पायात पुरुषी बूट, डोक्याला रुमाल. सुट्टीच्या दिवशी मुंबईहून येणाऱ्या लोकांना कड्यावरून फिरवून आणायचं आणि घरी पिठलं-भाकरी जेवू घालायचं हे तिचं काम. तिने आपल्यापुरतं काय ते ठरवलं आणि पाण्याच्या तीन बाटल्या देवव्रतकडे न देता सुनीतीच्या हातात दिल्या. “मंग वाटंला बाबांचं तुमीच बघा हां ताई. तुमाला सवय असंल.” “हो,” सुनीती म्हणाली. मी मुलगी आहे त्यांची, हे तोंडाशी आलं होतं. पण एक्कावन्नाव्या वर्षी, रानात, अनोळखी बाईला, बाप दहा पावलांवर उभा असताना हे आपण सांगायचं? तिने बाटल्या पिशवीत भरल्या आणि डिकी जरा जोरात लावली. ड्रायव्हर पोपटने आरशातून मागे पाहिलं.

नाताळची सुट्टी होती. दहिवलीहून सकाळी साडेसातला निघून गाडी कर्जत-चौक रस्त्यावरून डोंगराकडे वळली होती आणि नव्या सिमेंटच्या रस्त्याने थेट वाडीपर्यंत वर आली होती. तिथून पुढे पठाराच्या कडेकडेने दीड-दोन तासांची वाट. डोणीचा कडा म्हणतात त्याला. कड्याच्या पोटात दगडात कोरलेली पाण्याची डोणी आहे म्हणून. हे सगळं नानांच्या मनातलं. देवव्रत दोन आठवड्यांसाठी आला, त्या रात्रीच त्यांनी जाहीर केलं होतं, “या खेपेला आपण दोघं कड्यावरून चालायचं. तुझं ते राहिलंय ना, त्याची भरपाई.” आपण दोघं. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला न्यायचं म्हणजे टोपी, गोळ्या, जास्तीचा सदरा, गुडघ्याचा पट्टा, सगळं बरोबर हवं, आणि त्यासाठी तिसरं माणूस हवं. म्हणून ती आली होती. शाळेला सुट्टी होतीच.

पहिला भाग सपाट होता. डिसेंबरचं गवत कमरेएवढं, पिवळं, वाळून खडखडणारं. वनिता पुढे, तिच्यामागे सुनीती, आणि मागे नाना नि देवव्रत. वारा पाठीमागून वाहत होता, त्यामुळे त्या दोघांचं बोलणं तिच्या कानावर येऊन पडत होतं. तिचं मात्र त्यांच्याकडे गेलं नसतं. डाव्या हाताला शंभर पावलांवर जमीन संपत होती. तिथे कुंपण नव्हतं की पाटी नव्हती, नुसती संपत होती, आणि पलीकडे एकदम खाली कर्जतच्या बाजूचं खोरं दिसत होतं. भाताची रिकामी खाचरं, फार्महाऊसचे लाल पत्रे, त्यांतले निळे चौकोन म्हणजे पोहण्याचे तलाव. सत्तावीस वर्षं ती भूगोल शिकवत होती. हा काळा दगड कसा झाला, थरावर थर कसे साचले, हे ती दर वर्षी आठवीच्या वर्गाला सांगायची. पण या कड्यावर ती पहिल्यांदाच येत होती. शाळेची सहल दोनदा आली होती, दोन्ही वेळा नानांना ताप होता. की एकदा ताप आणि एकदा मोतीबिंदू?

“आमच्याकडे कडे पांढरे असतात,” देवव्रत मागून वनिताला मोठ्याने सांगत होता. “खडूचे. पांढरेशुभ्र. खाली समुद्र.”

“खडूचे? शाळंतल्या खडूचे?”

“तोच.”

“म्हणजे तिकडे खडू,” नाना म्हणाले, “आणि इकडे फळा!” ते स्वतःच खूष होऊन हसले. बत्तीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं होतं. हा विनोद त्यांनी विमानतळावर केला होता, परवा शेजारच्या इंदूबाईंकडे केला होता, आणि आता तिसऱ्यांदा. वनिताला तो कळला नाही. “पडत नाय का खडू, पावसात?” तिने विचारलं. “पडतो ना. दर वर्षी थोडा थोडा समुद्रात जातो,” देवव्रत म्हणाला.

त्या खडूच्या कड्यांचा फोटो दिवाणखान्यात होता. दहिवलीच्या फ्लॅटमध्ये शिरल्यावर पहिल्यांदा तोच दिसायचा: देवव्रतचा ढगळ कोट घातलेले नाना, वाऱ्याने उडालेले केस, मागे पांढरी भिंत आणि तिच्या खाली दुधट निळं पाणी. येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवला जायचा आणि दर शनिवारी सुनीती त्याची काच पुसायची. बारा साली नाना तिकडे गेले होते, तीन महिन्यांसाठी. देवव्रतने दोघांचंही विचारलं होतं. “घर कोण बघणार?” नाना म्हणाले होते. फ्लॅटमध्ये बघण्यासारखं काय होतं, एक तुळस आणि एक गॅस. पण तिने वाद घातला नाही. खरं म्हणजे ऐकताच तिने मनात दिवस मोजले होते. अडतीस वर्षांच्या आयुष्यात ती एकदाही घरात एकटी राहिलेली नव्हती. आधी आई, आईचं आजारपण, आई गेल्यावर नाना. तीन महिने. तिने कॅलेंडरवर खूण केली नाही. पण तारखा तिला पाठ होत्या.

त्या तीन महिन्यांतलं काय काय आठवतं? पहिल्या दिवशी तिने पलंग खिडकीशी ओढला. दुपारी तीनला जेवली. रेडिओ बंद ठेवला, आणि घराला स्वतःचा असा एक आवाज असतो हे तिला कळलं: पाइपातून वर चढणारं पाणी, फ्रिजची कुरकुर, कुणाच्या तरी घरातली शिट्टी. दुसऱ्या आठवड्यात रोहिदास सर आले. शाळेत चित्रकला शिकवायचे. खालापूरच्या बाजूचे, वडिलांच्या आजारपणात लग्नाचं वय उलटून गेलेले. स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवायचे होते, त्याचं निमित्त. पुढे निमित्त लागेनासं झालं. ते यायचे ते उजेडी, सगळ्यांच्या देखत, जिन्यावरून मुद्दाम चपला वाजवत. दार उघडं ठेवून बसायचे. चहा तेच करायचे, कारण सुनीतीचा चहा त्यांना आवडायचा नाही आणि तसं ते तोंडावर सांगायचे. तिला कुणी असं सांगितलेलं नव्हतं. नाना तिचा चहा मुकाट्याने प्यायचे आणि कप ठेवताना उसासा सोडायचे. रोहिदास सरांचं आडनाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नाना म्हणाले होते, “हुशार असतात हो ही मुलं.” ही मुलं. तेव्हा सर चाळिशीला आले होते.

“पुढं वाट बारीक हाय,” वनिता वळून म्हणाली. “बाबांना म्हनावं खाली बघू नका, माझ्या पाठीकडं बघा.”

“तुम्ही रोज येता इथून?” सुनीतीने विचारलं.

“सुट्टीला. नायतर लाकडाला. माझी सासू या वाटंनं डोक्यावर मोळी घेऊन जायची, पोरगं पाठीला बांधून. आता खाटंवर हाय. दिसभर हाका मारतं.” वनिता हसली. “तुमी लगीन नाय केलं?”

“नाही.”

“का वं?”

हा प्रश्न तिला गेल्या दहा वर्षांत कुणी विचारला नव्हता. विचारण्याचं वय गेलं की लोक सभ्य होतात. “राहिलं,” ती म्हणाली.

“ऱ्हातं असं,” वनिता म्हणाली आणि पुढच्या झुडपाच्या फांद्या कोयत्याने बाजूला करू लागली.

तेवढ्यात मागून देवव्रतचा आवाज आला, वाऱ्याबरोबर, अगदी कानाशी आल्यासारखा. “नाना, तिकडे आपण दोनच टेकड्या केल्या होत्या, नाही? ओळीने सात होत्या. मे महिन्याच्या सुट्टीला सगळ्या करायच्या ठरलं होतं. मी बूटसुद्धा आणले होते तुमच्यासाठी.”

“आठवतंय की.”

“आणि तुम्ही एकदम तिकीट बदल म्हणालात. गुडघे दुखतात म्हणून.”

“गुडघे कसले दुखतायत. तेव्हा अडुसष्टाचा होतो मी. आजसुद्धा चालतोय बघ.” नानांचा श्वास जरा लागला होता, पण आवाज ठणठणीत होता. “तुला म्हणून सांगतो. रविवारी फोन केला होता मी हिला. हिचा आवाज कापत होता. शब्द फुटत नव्हता तोंडातून. दारं नीट लावतेस ना म्हटलं, तर ‘हो’ म्हणायलासुद्धा तिला दोनदा थांबावं लागलं. मी ओळखलं. एकटीला झेपत नाही हिला. म्हटलं, पुरे झाल्या टेकड्या. अकरा दिवस राहिले होते माझे. सोडले. कोणाला बोललो नाही, तिलाही नाही. उगाच ओशाळली असती.”

“ताईसाठी आलात परत?”

“मग? तुम्हा सगळ्यांना वाटतं ती माझं करते. करते, नाही कशाला म्हणू. पण मी आहे म्हणून ती आहे रे. मला काय, मी एखाद्या वृद्धाश्रमातही मजेत राहीन, तिथे चार माणसं गणितं सोडवायला मिळतील. तिचं काय? म्हणून तर तब्येत जपतो मी एवढी.”

सुनीती चालत राहिली. पायाखाली मुरूम होता, मग सपाट काळा खडक, त्यावर वाळलेल्या शेवाळाचा खरखरीत थर. तिला तो रविवार इतका स्वच्छ दिसत होता की समोरची वाट दिसेना. संध्याकाळी साडेसात. फोन दिवाणखान्यात, कोपऱ्यातल्या तिवईवर. स्वयंपाकघरात रोहिदास सर खिरीसाठी दूध आटवत होते. शेवयांची खीर मी करणार, तुम्ही नुसतं बघा, असं म्हणाले होते. फोन वाजला, तिने उचलला, आणि त्याच क्षणी आत दूध उतू गेलं. सरांनी धावपळ करून गॅस बंद केला आणि हाताला लागलं ते फडकं ओढून ओटा पुसायला घेतला. ते फडकं नव्हतं. तो नानांचा पूजेचा पंचा होता, दांडीवर वाळत घातलेला, ज्याला सुनीतीसुद्धा आंघोळीवाचून हात लावत नसे. सरांना ते अर्धा ओटा पुसून झाल्यावर कळलं. दुधाने निथळणारा पंचा दोन्ही हातांत, देवापुढे ताट धरावं तसा धरून ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा फाशीच्या कैद्यासारखा. आणि कानात नाना विचारत होते, दारं नीट लावतेस ना? तिने ओठ दाताखाली धरला होता. पोटात कळ येत होती. आयुष्यात ती इतकी कधी हसली नव्हती, आणि त्यातलं एक टिपूसही तारेतून पलीकडे जाऊ द्यायचं नव्हतं.

फोन ठेवल्यावर ती तिथेच जमिनीवर बसली होती. सरही बसले, समोर, पंचा मांडीवर घेऊन. बराच वेळ दोघं हसत होते. मग हसणं ओसरलं आणि सर म्हणाले, “नाना आले की मी येऊन बोलतो त्यांच्याशी.” ती म्हणाली, “नको. आधी मी बोलते.” तिने हिशोब केला होता. अजून जवळजवळ दोन आठवडे होते. रोज थोडं थोडं धाडस जमवायचं, वाक्यं जुळवायची, पहिलं वाक्य पाठ करून ठेवायचं. मंगळवारी नानांचा फोन आला: परवा पहाटे उतरतोय. पंचा अजून दोरीवर होता; तीन वेळा धुऊनही त्याला दुधाचा वास येत होता.

नाना आले ते गुडघ्याला पट्टी बांधून. तिने तेल गरम केलं. गुडघा दुखणाऱ्या माणसाला हे कसं सांगायचं? मग शाळा सुरू झाली, मग गणपती. सरांनी तिला चारदा विचारलं. चौथ्यांदा विचारताना ते हसत होते, आणि त्या हसण्यात प्रश्न उरलेला नव्हता. दुसऱ्या वर्षी त्यांनी माणगावकडे बदली मागून घेतली. निरोप समारंभात शिक्षकांच्या वतीने दोन शब्द सुनीती बोलली. चांगली बोलली. सगळे म्हणाले, किती मोजकं बोललात.

आणि तेरा वर्षं ती धरून चालली होती की नानांचे गुडघे आडवे आले. गुडघ्यांवर कुणाला रागावता येत नाही. तो एक मोठा आधार होता. आता कळत होतं की तिचं हसूच आडवं आलं होतं. तिने ते इतकं नीट दाबलं होतं की ते रडण्यासारखं ऐकू आलं. तिला वाटलं, थांबावं आणि मागे वळून ओरडावं. मग वाटलं, ते अकरा दिवस मिळाले असते तर? खरंच बोलली असती ती? पहिलं वाक्यसुद्धा तोवर जुळलेलं नव्हतं. कदाचित अकराव्या दिवशीही ती तेलच गरम करत बसली असती. हे तिला माहीत होतं, आणि तरीही तिने नानांना आत्ता, या क्षणी, क्षमा केली नाही.

वाट बारीक झाली. आता कडा डावीकडे हाताच्या अंतरावर होता. उजवीकडे चढती खडकाची भिंत, आणि मधे दोन पावलं रुंद पट्टा, साठ-सत्तर पावलं लांब. वनिता सहज चालत गेली. सुनीतीही गेली, तिच्या लक्षातही आलं नाही की आपण घाबरायला हवं. ती पलीकडच्या टोकाशी पोचत होती तेव्हा मागून हाक आली.

“सुनीती!”

तिने पाऊल टाकलं. पुढचंही टाकलं.

“नाना, माझा हात धरा,” देवव्रत म्हणत होता. “धरा ना. मी आहे.”

“तू नको. तू बाजूला हो. सुनीती! अगं सुनीती!”

तो आवाज तिने आधी ऐकलेला नव्हता. त्यात मास्तर नव्हता, बापही नव्हता. नुसतं घाबरलेलं म्हातारं माणूस होतं, खडकाला पाठ लावून, डोळे मिटून. न बघता तिला ते दिसत होतं. काठी कुठल्या हातात असेल, गुडघा कुठला लटलटत असेल, हेही दिसत होतं. परतायला पन्नास पावलं. समोर उभं राहायचं, त्यांची दोन्ही मनगटं धरायची आणि उलट्या पावलांनी चालत त्यांना आणायचं. मोतीबिंदूनंतर जिना तिने असाच उतरवला होता. तिचे हात आपोआप थोडे वर आले. ते तिने पिशवीच्या पट्ट्यात अडकवले. आणि ती चालत गेली, रुंद जागेपर्यंत, तिथल्या आंजणीच्या झाडापर्यंत, आणि झाडाला हात लावून खोऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. तिसरी हाक आली. चौथी आली नाही.

वनिता तिच्या अंगावरून धावत मागे गेली. थोड्या वेळाने तिचा आवाज ऐकू आला, गुरांना बोलावं तसा, चढा आणि मायेचा: “हां, बाबा, हां. माझ्याकडं बघा. खाली काय ठेवलंय? कायसुदीक नाय. हां, आता ह्यो पाय.”

नाना आले. राखेसारखा रंग झाला होता. ते झाडाखालच्या दगडावर बसले. देवव्रत तिच्याजवळ आला. “तुला ऐकू नाही आलं, ताई?”

“आलं.”

“मग?”

“तू होतास ना.”

त्याने तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती परक्या भाषेत बोलत होती. वनिता मागून जाता जाता हळूच म्हणाली, “मी बी चार हाकांनी एकदा जाते सासूकडं. जीव जातो नायतर.” तिने ते समजुतीने म्हटलं होतं. सुनीतीला मात्र ते चपराकीसारखं लागलं, कारण वनिता चौथ्या हाकेला तरी जात होती.

पुढची वाट सोपी होती. ती पठाराला वळसा घालून वाडीतच परत येत होती. तासाभरात ते वनिताच्या ओटीवर जेवायला बसले. आत खाटेवरून म्हातारी मधूनमधून काहीतरी बोलायची आणि वनिता तव्यावरूनच तिला उत्तर द्यायची. नाचणीची भाकरी, पिठलं, चवळीची आमटी, वर कांदा. नानांच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. सकाळचं काहीच झालं नाही असं ठरवून ते जेवत होते. भाकरीचं कौतुक करत होते, तव्याचा व्यास विचारत होते. सुनीतीने मोडलेली भाकरी तशीच ताटात ठेवली. तिला कळत होतं की आता बोललं नाही तर पुन्हा कधीच नाही, आणि बोलून काही होणार नाही हेही कळत होतं.

“नाना,” ती म्हणाली, “त्या फोनवर माझा आवाज कापत नव्हता.”

नानांनी भाकरी मोडता मोडता वर पाहिलं. “कुठल्या फोनवर?”

“सकाळी देवव्रतला सांगत होतात तो. बारा सालचा. मी हसत होते.”

“हसत होतीस?”

“दूध उतू गेलं होतं.”

“त्यात हसण्यासारखं काय?”

हा त्यांचा वर्गातला प्रश्न होता. उभं करून विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत थांबायचा. ते थांबले.

“रोहिदास सर होते घरात. त्यांनी तुमच्या पूजेच्या पंच्याने ओटा पुसला. म्हणून हसत होते. मला… मला तेव्हा फार चांगलं वाटत होतं, नाना.”

देवव्रतचा हात ताटातच राहिला. आत म्हातारीने पाणी मागितलं आणि वनिता तांब्या घेऊन उठली. नानांनी तोंडातला घास नीट चावून संपवला. “रोहिदास,” ते म्हणाले. “तो ड्रॉइंगचा.”

“हो.”

“बरा मुलगा होता.” ते ओटीच्या खांबाकडे पाहत होते. कसलं तरी उदाहरण मनात सोडवत असल्यासारखी त्यांची बोटं मांडीवर हलत होती. “म्हणजे मी उगाच परत आलो.”

सुनीती थांबली. याच्या मागून दुसरं वाक्य येणार होतं. ते कुठलं असेल ते तिला माहीत नव्हतं, पण त्यात तिचं नाव असेल, एवढं पुरे होतं. नानांचे डोळे भरून आले होते. आई गेली तेव्हा एकदा भरले होते, त्यानंतर तिने पाहिले नव्हते. तिचा हात ताटावरून पुढे सरकला.

“पाच टेकड्या राहिल्या माझ्या,” नाना म्हणाले. “बूट आणले होते यानं. पुन्हा काही जाणं झालं नाही.” त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि मुलाकडे वळले. “तिसरीच्या पुढे काय होतं रे तिथे?”

देवव्रतने बहिणीकडे पाहिलं, मग बापाकडे. “तिसरी जरा चढाची आहे,” तो अडखळत म्हणाला. “चौथीवरून दीपगृह दिसतं.” “कुठल्या बाजूला?” “उजव्या. थांबा, फोटो आहेत माझ्याकडे.” त्याने मोबाईल काढला. नाना डाव्या हाताने चष्मा चाचपू लागले. तो वरच्या खिशात होता. दोघांची डोकी पडद्यावर झुकली. पांढऱ्या कड्यांचा उजेड नानांच्या चष्म्यावर पडला, आणि त्यांचं तोंड लहान मुलासारखं किंचित उघडलं.

सुनीतीने हात धुतले. पिशवी ओटीवर ठेवली, नानांच्या शेजारी. “गोळ्या बाहेरच्या कप्प्यात आहेत,” ती म्हणाली. कुणी वर पाहिलं नाही. अंगणाच्या टोकाला पोपट गाडीत पाय बाहेर टाकून पेंगत होता.

“पोपटभाऊ, मला घरी सोडा. मग त्यांना न्यायला परत या.”

“परत? दीड तास जाईल, मॅडम.”

“जाऊ दे.”

उतारावर तिने काच खाली केली. वारा तोंडावर येत होता. खाली हमरस्त्यावर चौकच्या ढाब्यांसमोर गाड्यांची रांग लागली होती, सुट्टीचे लोक बाजांवर बसून जेवत होते, पोरं कुल्फी खात होती. रोहिदास सरांचं गाव इथून जवळच कुठेतरी असेल. सर तिथे नसतील. त्यांचा मुलगा आता पाचवीला आहे, असं कुणीतरी सांगितलं होतं. तिने पोपटला थांबायला सांगितलं नाही.

घरी येऊन तिने दार लावलं, चपला काढल्या आणि दिवाणखान्यात नानांच्या पलंगावर आडवी झाली. घर गप्प होतं. तिने कान देऊन ऐकलं: पाण्याचा पाइप, फ्रिज. पूर्वीसारखं काही वाटतं का, हे तिने थोडा वेळ पाहिलं. मग तिला झोप लागली, जड आणि स्वप्न नसलेली.

बेल वाजली तेव्हा अंधारून आलं होतं. ती पडून राहिली. दुसऱ्यांदा वाजली. बाहेर जिन्यावर नानांचा खोकला, देवव्रतचं काहीतरी बोलणं, काठीची टकटक. तिसऱ्यांदा वाजल्यावर ती उठली, केस बांधले, दिवा लावला आणि दार उघडलं.

“झोपली होतीस?” नाना म्हणाले. ते दमले होते; चौकटीला धरून उभे होते.

“हो.”

“आम्हाला वाटलं, चहा तयार असेल.” आत, ओट्याकडे त्यांची नजर गेली. “खायला काय आहे?”

“काही नाही,” सुनीती म्हणाली, आणि त्यांना आत येता यावं म्हणून बाजूला झाली.